खोळंबा

पुढचा बैल खाडीच्या चिखलात गुडघाभर रुतला आणि अडून बसला. मागची सगळी रांग थांबली. बैलांच्या पाठीवर कापड आहे, तेरच्या विणकरांचं जाडंभरडं आणि त्यातच जपून बांधलेली थोडी मलमल. ते तुम्ही जुन्नरवरून नाणेघाटानं खाली उतरवलंत. घाटमाथ्याच्या लेण्यात सातवाहन राणीनं कोरून घेतलेली यज्ञांची आणि दानांची यादी तुम्हाला काही वाचता आली नाही. जकात मात्र मोजावी लागली. तिथला दगडी रांजण जकातीची नाणी टाकण्यासाठीच होता, असं दोन हजार वर्षांनी ट्रेकला आलेली मुलं एकमेकांना सांगणार आहेत. खरं काय ते सांगायला तेव्हा तुम्ही नसाल.

इसवी सनाचं पहिलं शतक अर्ध्यावर आलं आहे आणि ही कल्याणची खाडी आहे. पाऊस ओसरलाय. यवनांची जहाजं येण्याचे हेच दिवस. ती इजिप्तहून ऐन पावसाळ्यात निघतात, नैर्ऋत्येचा वारा शिडात घेऊन समुद्र ओलांडतात आणि पाऊस सरता सरता आपल्या किनाऱ्याला लागतात. पोटात तांबं, कथील, शिसं, पोवळी, काच, चांदीची नाणी आणि उंच मातीच्या कुंभांत द्राक्षाची दारू. त्यातही इटलीच्या दारूला गिऱ्हाईक जास्त. पैठणच्या तांबटांना तुम्ही कथिलाचा शब्द देऊन आलात.

पण खाडीत जहाज नाही. काठावर जाळं विणत बसलेला एक म्हातारा तेवढा बोलायला तयार आहे.

"आलं होतं की. शिपायांनी गराडा घालून भरुचला नेलं."

"इथं माल उतरवू दिला नाही?"

"उतरवायचा तर तिकडं. इथली बाजारपेठ आता बंदच समज."

वाऱ्याची यात काही चूक नाही, चूक राजांची आहे. याच काळातल्या एका ग्रीक दर्यावर्दीनं आपल्या माणसांसाठी एक मार्गदर्शिका लिहून ठेवली आहे, 'पेरिप्लस' नावाची. कोणत्या बंदरात काय खपतं, कुठे खडक, कुठे चोर, असा तिचा बाज. तिच्यात कल्याणबद्दल एवढंच आहे की थोरल्या सारगनाच्या (हा बहुधा कुणी सातकर्णी) वेळी ही रीतसर बाजारपेठ होती, सांदन नावाच्या माणसाच्या हाती गेल्यापासून मात्र तिची कोंडी झाली आणि चुकून इथे लागलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भरुचला नेली जातात. लेखकाला याचं दुःख नाही. तो पुढच्या बंदराकडे वळतो. तुम्हाला मात्र बैल वळवावे लागणार आहेत, आणि भरुचची वाट लांबची आहे.

तिथे पोचलात तरी घाई कुणालाच नसते. परतीचा ईशान्येचा वारा सुटेपर्यंत यवनांचं जहाज हलत नाही. मार्गशीर्ष, नाहीतर पौष. तोवर त्यांनी काय करायचं? माल विकायचा, विकत घ्यायचा, उधारी वसूल करायची, इथल्या लोकांत मिसळायचं. कार्ल्याच्या चैत्यगृहातल्या खांबांवर यवन दात्यांची नावं कोरलेली आहेत. ते सगळेच जहाजावरून आले होते असं नाही, काही इथेच रुजलेले असतील. पण महिनोन्महिने वाऱ्याची वाट पाहावी लागणाऱ्या व्यापारात माणसं एकमेकांच्या ओळखीची होतात, हे मला त्या खांबांवर दिसतं. थांबणं हा तेव्हा व्यापाराचाच भाग होता. त्याला उशीर म्हणायचं कुणाला सुचलं नव्हतं.

मधली शतकं भरभर ओलांडू. जुन्या सोपारा बंदराच्या खाड्या गाळानं भरल्या, जहाजं चौलला जाऊ लागली. पंधराव्या शतकात रशियाचा अफनासी निकितिन विकायला घोडा घेऊन चौललाच उतरला. पुढे पोर्तुगीज आले, वसई उभी राहिली, पडली. राजे बदलले तशी बंदरं बदलली असं आपण इतिहासात शिकतो. गाळाचं नाव त्या धड्यांत येत नाही.

आता उतरा मुंबईत, १८६४ च्या फेब्रुवारीत. तुम्ही सातारा जिल्ह्यातून पोटामागे आलेले हमाल आहात. इथे तुम्हाला घाटी म्हणतात. कुलाब्याच्या कॉटन ग्रीनवर नजर पोचेल तिथपर्यंत गासड्या रचल्या आहेत. वऱ्हाडचा, खानदेशचा, गुजरातचा कापूस. अमेरिकेत १८६१ पासून यादवी पेटली आहे, दक्षिणेतली बंदरं उत्तरेच्या आरमारानं रोखली आहेत आणि लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेल तो कापूस हवा आहे. एरवी आपला आखूड धाग्याचा, काडीकचरा मिसळलेला कापूस त्यांच्या नाकाखाली येत नसे. आता भाव चौपट झाला आहे. लोकांनी गाद्या उसवून आतला कापूस विकला, असं सांगतात.

दाबलेली गासडी साडेतीन हंड्रेडवेट भरते, म्हणजे पावणेदोनशे किलोच्या वर. चौघांनी उचलायची, बंदराच्या पायऱ्यांवरून उतरवायची आणि पडावात ठेवायची. जहाज धक्क्याला लागत नाही, कारण लागायला धक्काच नाही. ते समोर खोल पाण्यात नांगरून उभं आहे. पडाव भरला की भरतीची वाट पाहायची. भरती आली की वल्ही मारत जहाजापाशी जायचं. तिथे आधीच दहा पडाव उभे असतात, म्हणून पुन्हा वाट पाहायची. मग दोराला बांधून एकेक गासडी वर. संध्याकाळी वारा उठला तर सगळंच उद्यावर.

तुम्ही घाम पुसत मुकादमाला विचारता, "एवढा वेळ लागतो, तर जहाजवाले ओरडत नाहीत?"

"ओरडतात ना. ओरडू दे," तो पानाची पिंक टाकत म्हणतो. "जहाज थांबतं म्हणून तर तुझं पोट भरतंय, आणि माझं. पडाववाल्याचं, बंदरवाल्याचंही. उद्या जहाज थांबायचं बंद झालं तर तू जाशील कुठं?"

मुकादम अर्थशास्त्र शिकलेला नाही. पण समुद्री व्यापाराचं पुढच्या दीडशे वर्षांचं भांडण त्याला कळलं आहे. जहाजाचं थांबणं कुणाचा तरी खर्च असतो आणि कुणाची तरी कमाई. त्या काळी किनाऱ्याचा मोठा तुकडा एल्फिन्स्टन लँड अँड प्रेस कंपनीच्या हाती आहे, भराव घालून जमीन तीच वाढवते आणि माल चढवण्या-उतरवण्याचे पैसे तीच घेते.

शहराचं मात्र धक्क्याकडे लक्ष नाही. शहर भावाकडे पाहतंय. भाव लिव्हरपूलमध्ये ठरतो आणि टपालाच्या आगबोटीनं येतो. बातमी सगळ्यांच्या आधी कळावी म्हणून प्रेमचंद रायचंद येणाऱ्या जहाजांना गाठायला समुद्रात आपल्या होड्या पाठवतात, अशी बोलवा आहे. बॅक बे बुजवायच्या कंपनीचे शेअर आकाशाला भिडले आहेत. समुद्र अजून जागेवर आहे, पण तो बुजवल्यावर मिळणाऱ्या जमिनीवर लोक श्रीमंत होऊन बसलेत. एप्रिल १८६५ मध्ये जनरल ली शरण जातो. १ जुलैला मुंबईत वायद्यांचे हिशेब पुरे करायची वेळ येते, आणि पैसे कुणाकडेच नसतात. तुमच्या पायाखालच्या पायऱ्या त्याच, गासड्या तेवढ्या कमी झालेल्या. मुकादम त्या दिवशी हजेरी घेऊन निम्म्या माणसांना परत पाठवतो.

१८६९ च्या नोव्हेंबरात सुएझ कालवा उघडला. आफ्रिकेला वळसा घालून शिडाच्या जहाजानं लिव्हरपूल गाठायला चारेक महिने लागत. कालव्यातून आगबोट काही आठवड्यांत पोचू लागली. पण आगबोट महाग, तिचा कोळसा महाग, तिच्यात गुंतलेल्या पैशाचं व्याज रोज चढणारं. समुद्रावर वाचवलेले आठवडे मुंबईसमोर नांगर टाकून घालवणं आता परवडेना. सरकारनं एल्फिन्स्टन कंपनी विकत घेतली, १८७३ मध्ये पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला आणि गोद्या खणायला सुरुवात झाली. ससून डॉक १८७५, प्रिन्सेस डॉक १८८०, व्हिक्टोरिया १८८८, अलेक्झांड्रा १९१४. प्रिन्सेस डॉक खणताना चिखलाखाली झाडांचे उभे बुंधे सापडले, समुद्रात बुडालेलं एक अख्खं रान. (मुंबईत आधी समुद्र होता आणि मग जमीन झाली, असं ठामपणे सांगणाऱ्यांना ही गोष्ट जरूर ऐकवा.) भरतीला गोदीचं दार उघडायचं, जहाज आत घ्यायचं, ओहोटी लागण्याआधी दार लावायचं, म्हणजे बाहेर पाणी कितीही उतरलं तरी आतलं जहाज तरंगतच राहतं आणि धक्क्याच्या उंचीला राहतं. पडाववाल्यांचं काम घटलं. हमालांचं वाढलं.

१४ एप्रिल १९४४, शुक्रवार. तुम्ही आता व्हिक्टोरिया डॉकमध्ये एका टोळीवाल्याच्या हाताखाली आहात. सकाळी गेटवर त्यानं तुमच्याकडे बोट केलं म्हणून आज काम आहे. उद्याचं उद्या. जहाजाचं नाव फोर्ट स्टायकीन. फेब्रुवारीत इंग्लंडहून निघालं, कराचीला थांबलं, परवा इथे आलं. खलाशांची बोली तुम्हाला ओळखीची आहे, कारण गोदीत येणाऱ्या बोटींवर डेकवर रत्नागिरीचे, सलूनमध्ये गोव्याचे आणि इंजिनात पंजाबी-पठाण हा जुना शिरस्ता. गोव्याची माणसं बोट मिळेपर्यंत धोबीतलावच्या आपापल्या गावच्या कुडात राहतात. थांबण्याची तीही एक सोय.

या जहाजाच्या पोटात सुमारे १,४०० टन स्फोटकं आहेत, सुटी केलेली स्पिटफायर विमानं आहेत, सोन्याच्या विटा आहेत. कराचीत रिकामी झालेली जागा भरून काढायला त्यात कापसाच्या ८,७०० गासड्या, तेल, लाकूड, गंधक आणि मासळीचं खत चढवलं आहे. नियम असा की असलं जहाज गोदीत आणायचंच नाही. बाहेर नांगरायचं, लाल बावटा लावायचा आणि माल पडावात उतरवायचा. पण युद्ध चालू आहे, प्रत्येक जहाजाची वाट कुणीतरी पाहतंय, बाहेर थांबायला सवड नाही. म्हणून जहाज आत धक्क्याला आहे, आणि बावटा नाही.

दुपारची भाकरी खाऊन टोळी परतते तेव्हा दोन नंबरच्या हॅचमधून धूर येतोय. कापूस पेटलाय. बंब येतात, पाण्याचे झोत सुटतात. जहाजाच्या कुशीवर एका जागी रंगाला फोड येताना तुम्हाला दिसतात. आग तिथे आहे आणि पाणी भलतीकडे पडतंय. कापूस धुमसत पाण्यावर तरंगत वर चढतो, वरच्या मजल्यावरच्या स्फोटकांकडे. जहाज बुडवावं की बाहेर काढावं यावर साहेब लोकांत एकमत होत नाही. चारच्या आत बोट सोडायचा हुकूम होतो. टोळीवाला तुमचं मनगट धरून गेटकडे ओढतो.

चार वाजून सहा मिनिटांनी तुम्ही जमिनीवर असता. ऐकू काहीच येत नाही. सुमारे अर्ध्या तासानं दुसरा स्फोट होतो, पहिल्याहून मोठा. शेजारची जलपद्म ही बोट उचलली जाऊन तिची पिछाडी शेडच्या छपरावर बसते. पेटलेल्या गासड्या मांडवीच्या गल्ल्यांवर पडतात, दाणाबाजार जळतो. सोन्याची एक वीट मैलभर लांबच्या एका पारशी घराचं छप्पर फोडून आत येते. सिमल्याच्या भूकंपमापकावर नोंद होते. आग विझवायला गेलेले ६६ जवान परत आले नाहीत. एकूण मेले किती? आकडे ८०० पासून १,३०० पर्यंत जातात, आणि मला त्या फरकाचंच जास्त वाटतं. गेटवर टोळीवाल्यानं बोट केलेल्या माणसांचं नाव त्या दिवशीच्या कुठल्या वहीत असणार? सोन्याच्या विटा मात्र क्रमांकानिशी होत्या. गाळ उपसताना त्या पुढे कितीतरी वर्षं एकेक सापडत राहिल्या.

हजेरीची ही जुगारी पद्धत बदलायला आणखी वेळ गेला. १९४८ मध्ये गोदी कामगारांच्या रोजगाराचा कायदा झाला, १९५१ मध्ये मुंबईत डॉक लेबर बोर्ड आलं. पी. डिमेलो यांनी बांधलेल्या युनियनमागे हमाल उभे राहिले आणि काम नसलेल्या दिवशीही हजेरीचे पैसे मिळू लागले. तुम्ही, म्हणजे आता तुमचा मुलगा, पहिल्यांदाच गावी ठरलेल्या तारखेला मनिऑर्डर करू लागलात.

त्याच सुमारास, २६ एप्रिल १९५६ ला, न्यू यॉर्कजवळच्या नेवार्क बंदरातून आयडियल एक्स नावाचं एक जुनं तेलवाहू जहाज डेकवर ५८ लोखंडी पेट्या ठेवून ह्यूस्टनला निघालं. माल्कम मॅक्लीन हा मूळचा ट्रकवाला. सुटा माल हातानं चढवायला टनामागे ५ डॉलर ८३ सेंट पडायचे, त्याच्या हिशेबात पेटीतला माल १६ सेंटच्या आत बसला. तुम्ही धक्क्यावर उभे राहिलात तरी पाहण्यासारखं फारसं काही नाही. क्रेन खाली येते, पेटी उचलते, ठेवते. आत काय आहे याचा वास नाही, गोण फाटत नाही, कुणाच्या खिशात चार सुपाऱ्या जात नाहीत. आणि हमाल कुठेच दिसत नाही.

ती पेटी तुमच्या मुलाच्या गोदीपर्यंत पोचायला दोन-तीन दशकं लागली. जुन्या गोद्यांच्या दारातून कंटेनरची लांबरुंद जहाजं आत जाईनात. पेट्या रचायला मोकळं मैदान हवं होतं, आणि गोदीच्या पाठीला तर अख्खं शहर चिकटलेलं. म्हणून बंदर पुन्हा निघालं, खाडीपलीकडे, न्हावा आणि शेवा या गावांकडे. तिथेही जमीन रिकामी नव्हती. भातशेती होती, मिठागरं होती, कोळीवाडे होते. १९८४ च्या जानेवारीत जासईला आणि दास्तान फाट्याला दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर आले, पोलिसांनी गोळ्या झाडल्या, पाच जण गेले. साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचं धोरण त्यातून आलं. शेव्याचा हनुमान कोळीवाडा उठवून उरणजवळ बसवला, तिथली घरं वाळवीनं खाल्ली. २६ मे १९८९ ला बंदर सुरू झालं. पलीकडे मुंबईच्या गोदीत स्वेच्छानिवृत्तीचे अर्ज भरले जाऊ लागले. १८६४ च्या मुकादमाची भीती खरी व्हायला सव्वाशे वर्षं लागली इतकंच.

शेवटी २०२४ चा जानेवारी. तुम्ही ट्रेलरच्या चाकामागे आहात. मागे चाळीस फुटी रीफर, आत निफाडची द्राक्षं, रॉटरडॅमसाठी. पॅकहाऊसमधून निघाल्यापासून जेनसेटची घरघर कानात आहे. ती थांबली तर द्राक्षं गेली. कसारा घाट, भिवंडी, कळंबोली, करळ फाटा, आणि मग न्हावा-शेव्याच्या बंदराची रांग. पुढे किती गाड्या आहेत ते दिसत नाही. शेजारच्या गाडीतला लातूरचा ड्रायव्हर स्टोव्हवर चहा ठेवतो.

"भाऊ, तुझा कट-ऑफ कधीचा?"

"रात्री दहाचा. फॉर्म तेरा आलाय, पण गाडीच सरकंना."

"चुकला तर पुढची बोट. माझा मागल्या खेपेला चुकला. मालक म्हणला तू झोपला असशील."

आत धक्क्यावर जे जहाज लागलं आहे त्यावर क्रेन एका वेळी वीस-वीस फुटांच्या दोन पेट्या उचलतायत. दिवसभरात, फार तर थोडं पुढेमागे, ते निघणार. देशातल्या मोठ्या बंदरांमधल्या कंटेनरांपैकी निम्म्याच्या आसपास याच बंदरातून जातात, वर्षाला साठ लाखांहून जास्त वीसफुटी पेट्या. हे सगळं जमतं ते जहाज थांबत नाही म्हणून. ते थांबू नये म्हणून गाड्या आधीच येऊन उभ्या राहतात, मोकळ्या पेट्या यार्डात पडून राहतात, शेतकरी पेमेंटसाठी थांबतो, ड्रायव्हर कॅबिनमध्ये झोपतो. थांबणं संपलेलं नाही. ते जहाजावरून उतरवून रस्त्यावर ठेवलं आहे, आणि रस्त्यावरच्या थांबण्याला कुणी डेमरेज देत नाही. चॅनलमधल्या कोळ्यांचंही तेच. जुनी मासेमारीची जागा जहाजांच्या वाटेत गेली. २०१५ मध्ये हरित लवादानं १,६३० कुटुंबांना ९५ कोटींहून जास्त भरपाई द्यायला सांगितलं, तेव्हा त्या पाण्यालाही किंमत असते हे निदान कागदावर आलं.

क्लिअरिंग एजंटाचा फोन येतो. जहाज तांबड्या समुद्रातून जाणार नाही. हूथींच्या हल्ल्यांमुळे बोटी आफ्रिकेला वळसा घालतायत. दोन आठवडे जास्त लागणार, भाडंही कितीतरी वाढलं आहे. म्हणजे १८६४ ची गासडी ज्या वाटेनं गेली त्याच वाटेनं तुमची द्राक्षं. फरक एवढाच की कापसाला महिने चालत होते. द्राक्ष शून्य अंशावर दिवस मोजतं.

"मग माल पाठवायचा का नाही?" तुम्ही विचारता.

"पाठवायचाच. झाडावर ठेवून काय करणार?"

गेटमधून तुम्ही कट-ऑफच्या थोडं आधी आत जाता. पेटी उतरते, प्लगला लागते. पावती मिळते. परतीचं भाडं मिळेपर्यंत गाडी लावायला जागा शोधायची आहे.

त्याच वर्षी ऑगस्टच्या ३० तारखेला पालघरमध्ये वाढवण बंदराची पायाभरणी झाली. खर्चाचा अंदाज सुमारे ७६,००० कोटी. तिथे किनाऱ्यापासून आत गेलं की समुद्र मुळातच वीस मीटरच्या आसपास खोल, त्यामुळे जगातली सर्वांत मोठी कंटेनर जहाजं, वीस फुटांच्या चोवीस हजार पेट्या नेणारी, थेट लागू शकतील असं सांगतात. अशा जहाजाला भरतीसाठीही थांबायला नको. तुम्ही एवढे आलाच आहात तर वाढवणच्या किनाऱ्यावर उतरा. वलांडीवर बोंबील वाळत घातलेले आहेत आणि एक मावशी उलटसुलट करतेय. बंदराचं नाव काढल्यावर ती मान वर न करता विचारते, "तुमची बोट येईल तेव्हा आमच्या होड्या कुठं थांबायच्या?"

तुम्ही चॅनलबद्दल, सुरक्षित अंतराबद्दल, भरपाईच्या यादीबद्दल काहीतरी सांगू लागता. तिचं अर्धं लक्ष टोपलीत आहे. वाणगावहून विरार गाडी पकडायची आहे, आणि पुढची यायला बराच वेळ असतो.